गुप्ततेचं प्रकरण

फरशीवरच्या निळ्या होडीत माणूस नव्हता. इतकी वर्षं चहाचा कप ओट्यावरच्या याच सुट्या फरशीवर टेकवतो आपण आणि हे आज दिसतंय — शीड फुगलेलं, खाली पाण्याच्या दोन-चार रेघा, मागे इवलीशी पवनचक्की, आणि होडी हाकायला कुणीच नाही. रंगवणारा विसरला... की जेवायची सुट्टी झाली म्हणून अर्ध्यावर उठून गेला? शलाकाने कप उचलला, चहाचं ओलं वर्तुळ अंगठ्याने पुसलं. फरशीचा एक कोपरा उडालेला होता, म्हणून तर ती डेल्फ्टच्या दुकानात स्वस्तात मिळाली होती, आणि सासूबाईंना फरशीपेक्षा त्या स्वस्ताईचाच आनंद जास्त झाला होता. उडालेला कोपरा भिंतीकडे करून ठेव म्हणजे कुणाला दिसणार नाही, असं त्यांनी इथेच, याच ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं. खिडकीबाहेर या डच गावाचं, कापेलचं आभाळ नेहमीसारखं राखाडी होतं आणि मे महिना असूनही घरात हीटर चालू होता.

आज बाबांना सांगायचं होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून हे एवढंच डोक्यात पडून होतं, शेजाऱ्याचं पार्सल आपल्या दारात टाकून जावं तसं — आत घ्यायचं नाही, परत पाठवता येत नाही. आई गेल्या, हे बाबांना सांगायचं. सासूबाई पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेल्या. सासरे तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. दोघांना एका ठिकाणी खाटा मिळाल्या नव्हत्या, कोरोनाच्या त्या एप्रिलमध्ये पुण्यात खाट मिळाली हेच नशीब, आणि डॉक्टर म्हणाले होते की आत्ता धक्का नको. आत्ता. तो आत्ता ताणत ताणत सगळ्यांनी इथवर आणला. आता बाबा सुहासिनीकडे, त्यांच्या लेकीच्या घरी आलेत, नळी निघालीय, चार घास जेवतात, आणि डॉक्टरांचं म्हणणं असं की बाहेरून कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा घरच्यांनी सांगा. काल सुहासिनीचा फोन आला. "वहिनी, तूच सांग," ती म्हणाली. "तुझ्याशी ते बोलतात. माझ्याकडे नुसत्या गोळ्या मागतात." रणजित जिन्यात उभा राहून ऐकत होता. मला नाही जमणार, एवढं बोलून तो वर गेला, माळ्यावरच्या त्या खोलीत, जिथे तो गेलं वर्षभर ऑफिस करतो. मुलगा त्यांचा, आई त्याची, आणि सांगणार कोण, तर सून.

गोष्ट रचायला फार वेळ लागला नव्हता, याचं तिला नंतर नवल वाटत राहिलं. आई नाशिकला, त्यांच्या बहिणीकडे. ताप उतरला, पण घसा असा धरलाय की डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. "सरला आणि गप्प?" कॉटवरून बाबा म्हणाले होते, नाकात नळी, आवाज खोल गेलेला, "त्या डॉक्टरचा सत्कार करा." सगळे हसले. शलाकाही हसली — आणि ते हसू खोटं नव्हतं, हेच तिला टोचत राहिलं. क्षणभर खरोखर वाटलं की आता आई मागून फणकारतील. मग रणजितने बाबांना वगळून बाकी सगळ्यांचा एक ग्रुप केला. बाबांशी जो बोलेल त्याने काय सांगितलं ते लगेच तिथे लिहायचं, म्हणजे पुढच्याचं मागच्याशी जुळेल. त्याच्या ऑफिसात एक टीम झोपायला जाताना दुसऱ्या देशातल्या टीमकडे काम सोपवते, तेव्हा असंच लिहितात म्हणे. आज भात खाल्ला. आज बाल्कनीत बसल्या. घसा तसाच. वाचताना कधी कधी शलाकाला चक्क बरं वाटायचं, की चला, आज बाल्कनीत बसल्या... पुण्यात गेलेलं माणूस नाशिकला रोज थोडं थोडं बरं होत होतं, आणि सगळं घर त्याच्या तब्येतीकडे डोळे लावून बसलं होतं. आई असत्या तर म्हणाल्या असत्या, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का गं.

आणि रोज दुपारी पुस्तक. बाबा पुण्याच्या एका कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यालाही आता जमाना झाला. तेव्हापासून ते एक पुस्तक लिहितायत. महायुद्धात अमेरिकेने पहिला अणुबॉम्ब गुपचूप कसा तयार केला, ते मराठी वाचणाऱ्या कुणाही शहाण्या माणसाला समजेल असं. बाकी सगळं झालं होतं, युरेनियम झालं, वाळवंटातला पहिला स्फोट झाला, हिरोशिमाचं प्रकरण लिहून बाबा महिनाभर कुणाशी धड बोलले नव्हते, तेही झालं. एक प्रकरण राहिलं होतं, गुप्ततेचं. आजारपणानंतर त्यांच्या हातात पेन ठरेना. मग हॉस्पिटलच्या कॉटवरूनच एक दिवस म्हणाले, "शलाका, लॅपटॉप आहे ना जवळ? मी सांगतो, तू टाइप कर." लग्नाआधी ती पुण्यात एका छापखान्यात मजकूर जुळवायला होती, बोटांना देवनागरीची सवय होती. इथे आल्यावर ती सवय वाण्याच्या यादीपुरतीच उरली होती, त्यामुळे हो म्हणताना तिला आनंदच झाला. म्हातारं माणूस गुंतून राहील, बायकोबद्दल कमी विचारेल, असाही हिशेब होता त्यात... तो कुणी बोलून दाखवला नाही इतकंच.

तर तिने ते सगळं टाइप केलं होतं. डोंगरमाथ्यावर वसवलेलं एक गाव, ज्याला नाव घ्यायची बंदी. हजारो माणसं, आणि सगळ्यांचा पत्ता एकच, एका टपालपेटीचा नंबर. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तोच नंबर. येणारं-जाणारं प्रत्येक पत्र उघडून वाचलेलं. नवरे सकाळी कुंपणापलीकडे जात, संध्याकाळी परत येत, हात धूत, जेवायला बसत, आणि बायका विचारत नसत. दूर दुसऱ्या गावात एक अवाढव्य कारखाना, तिथे शाळा नुकती सोडलेल्या मुली उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या. समोर तबकडी, तबकडीत काटा, काटा मधे ठेवायचा, डावीकडे गेला की बटण थोडं उजवीकडे. यातून काय तयार होतं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. युद्ध संपायला आलं तेव्हा एका सकाळी रेडिओवर बातमी लागली, एक शहर पुसलं गेलं होतं, आणि कोणी कोणी तेव्हा पहिल्यांदा आपल्या हातांकडे बघितलं... शलाका टाइप करता करता थांबली होती त्या वाक्याला. शेजारी ठेवलेल्या फोनवर ग्रुपचा मजकूर चमकत होता — आज दोन पोळ्या खाल्ल्या. मी तरी काय करते, रोज तबकडीसमोर बसते, त्यांचा श्वास जरा चढला की विषय बदलते, काटा मधे आणून ठेवते.

"तू कशाचा विचार करतेस?" बाबांनी विचारलं होतं तेव्हा. काही नाही, असं ती म्हणाली होती, आणि पुढचं वाक्य मागितलं होतं.

या प्रकरणात डेल्फ्ट यायलाच हवं हा बाबांचा हट्ट. ते आणि आई इथे येऊन गेले त्या उन्हाळ्यात सगळे तिथे गेले होते. युद्धाच्या तोंडावर डच सरकारने युरेनियमची पिवळी पूड पिंपं भरभरून विकत घेतली होती, आणि जर्मनांनी देश घेतल्यावर ती पिंपं डेल्फ्टमध्ये दडवली गेली. आयुष्यभर वर्गात सांगितलेली ही गोष्ट बाबांना त्या जागेवर उभं राहून एकदा सांगायची होती. जागा कुठली ते कुणालाच माहीत नाही. सायकलवरून चाललेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी थांबवून विचारलं, त्याने नम्रपणे खांदे उडवले. ऊन चढत होतं, पाय दुखत होते, आणि आई कालव्याच्या कडेला बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लोक इथे निळी भांडी बघायला येतात, आणि हा माणूस पिंपं शोधतोय." बाबा हसले नाहीत. समोर कसलीशी जुनी विटांची इमारत होती, तिच्याकडे बघत म्हणाले, पाच वर्षं शत्रू याच रस्त्यांवरून बूट आपटत फिरत होता आणि त्याला वास लागला नाही. ज्यांना माहीत होतं ते रात्री झोपत कसे असतील. आई म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यात काय एवढं, बायकांना विचारा. मग त्या फरशीच्या दुकानात शिरल्या. किती जिवंत आवाज होता तो... कालव्यापलीकडची माणसंसुद्धा वळून बघायची.

त्या आवाजाचं आता काय करायचं? माणूस गेलं की त्याचं शरीर तरी असतं म्हणे काही काळ, लोक भोवती बसतात, कुणी रडतं, कुणी चहा करतं. इथे काही नव्हतंच. सुहासिनीने लांबून, काचेपलीकडून, एक गुंडाळलेलं काहीतरी बघितलं. इथून विमानं बंद होत आली होती; रणजित गेला असता तर परत येता आलं नसतं, आणि तिथे जाऊन बघायला उरलं होतं तरी काय. त्याने दोन दिवस रजा घेतली. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून त्याचा मीटिंगमधला आवाज ऐकू आला, नेहमीचा, समजूतदार, आणि शलाकाला त्याचा इतका राग आला की ती कारण नसताना सायकल घेऊन बाहेर पडली आणि नदीच्या बांधावरून पार दम संपेपर्यंत जात राहिली. तिथेही तिला रडू आलं नाही. रडायला आधी कुणीतरी रडलेलं असावं लागतं. घरात कुणीच सुरुवात केली नव्हती, कारण कॉलवर सुजलेले डोळे दिसले असते.

दुपारी रणजित खाली आला, उभ्यानेच पोळी-भाजी खाल्ली. समोरच्या घरातली म्हातारी बाई दाराशी झेंड्याची काठी पुसत होती. आज चार मे, इथल्या लोकांचा युद्धात गेलेल्यांना आठवण्याचा दिवस. संध्याकाळी झेंडे अर्ध्यावर येतील, आणि मग आठ वाजता सगळा देश एकदम गप्प उभा राहील, बस थांबतील, टीव्हीवर राजासुद्धा मान खाली घालून उभा असेल. मागे पहिल्यांदा बघितलं तेव्हा शलाकाला ते थोडं नाटकी वाटलं होतं. आज हेवा वाटला. ठरवून, सगळ्यांनी मिळून, कशासाठी गप्प बसायचं ते माहीत असून गप्प बसायचं.

"आज नको गं," रणजित काठीकडे बघत म्हणाला. "शुक्रवारी माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. वीकेंडला दोघं मिळून सांगू."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंयस ना तू? कोपऱ्यावरच्या वाण्याने फोन करून सांत्वन केलं तर?"

त्याने ताट सिंकमध्ये ठेवलं, नळ सोडला, बंद केला. गेल्या महिन्याभरात त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झालेत हे तिला त्याच वेळी दिसलं, आणि राग धरून ठेवायला जड गेलं. तू बस ना माझ्याजवळ, एवढं तरी, असं ती म्हणणार होती. पण तो जिन्याकडे वळला होता. वरचं दार लागल्याचा आवाज आला, आणि तिने लॅपटॉप उघडला.

कॉल लागला तेव्हा आधी सुहासिनीचा तळहात दिसला, मग छत, मग फोन कशाला तरी टेकवला गेला आणि बाबा दिसले. बिनबाह्यांचा स्वेटर, मेच्या उन्हाळ्यात. दाढीचे पांढरे खुंट, गळ्याशी कातडी सैल. सुहासिनी शेजारी पलंगाच्या कडेवर बसली होती आणि तिने शलाकाकडे बघून पापण्या एकदा मिटल्या, म्हणजे आज सांगते आहेस ना. शलाकानेही मिटल्या. दिवसभर तिने वाक्यं जुळवली होती — बाबा, तुम्हाला आता बरं आहे म्हणून... बाबा, आईंना त्रास झाला नाही... प्रत्येक वाक्य तोंडाशी येऊन बेगडी वाटत होतं. आणि बाबांनी तर इकडचं-तिकडचं काही न विचारता सुरुवातच केली.

"नवा परिच्छेद," ते म्हणाले. "बेचाळीस साल."

गोष्ट तिला माहीत नव्हती. रशियाच्या सैन्यातला एक तरुण, मुळात पदार्थवैज्ञानिक. लढाईतून जरा सवड मिळाली तसा एका गावातल्या विद्यापीठाच्या वाचनालयात जाऊन बसला. परदेशी नियतकालिकं मागवली. युद्धाआधी अणू फोडण्यावर त्यात सतत काही ना काही छापून यायचं, त्याचा स्वतःचाही एक शोध छापून आला होता. त्यावर कुणी काय म्हटलंय ते त्याला बघायचं होतं. त्याने अंक चाळले. आणखी चाळले. त्याच्यावर टीका नाही, स्तुती नाही, त्याचं सोडा, त्या विषयावर एक ओळ नाही. जे लोक रोज त्यावर भांडत होते त्यांची नावंच दिसेनाशी झालेली. बाबा थांबत थांबत सांगत होते, मधे श्वास घेत, आणि शलाकाची बोटं त्यांच्या श्वासाला थांबत, पुन्हा चालत. बाहेरच्या कुणाला वाटलं असतं की लोकांना कंटाळा आला विषयाचा. हा तसा फसणारा नव्हता. त्याने ओळखलं की ते लोक बॉम्ब बनवतायत. त्याने थेट वरपर्यंत पत्र धाडलं.

"आता हे नीट घे," बाबा म्हणाले. "त्याला तिथे काही सापडलं नाही, आणि तेच त्याला सापडलं. पूर्णविराम."

तिने घेतलं. सुहासिनीने पाण्याचा पेला पुढे केला, बाबांनी दोन घोट घेतले, थोडं पाणी स्वेटरवर सांडलं. सुहासिनी ते पुसायला वाकली. तिच्या डोक्यावरून बाबा स्क्रीनकडे बघत होते.

"तुझ्या मागचा दिवा दिसतो आता," ते म्हणाले. आवाज तोच, पूर्णविराम सांगतानाचा. "मधे बरेच दिवस नव्हता."

शलाकाने मागे वळून बघितलं नाही. मागे काय आहे ते तिला ठाऊक होतं. भिंतीवरचं छोटं देवघर, आईंनीच त्या उन्हाळ्यात बसवलेलं, दोन मूर्ती, एक समई, रोज सकाळी लावली की दुपारपर्यंत तेवणारी. शलाकाचा देवावर विश्वास बेताचाच, पण आई व्हिडिओवर आधी समई बघायच्या आणि मग सुनेचं तोंड, त्यामुळे सवय लागून गेली. त्या गेल्या त्या दिवशी तिने समई लावली नाही. सुतक. रणजित म्हणाला होता की इथे कोण बघतंय, आणि ती म्हणाली होती, कुणी बघायला नकोच आहे. खरं म्हणजे करण्यासारखं दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. अग्नी दिला नाही, पाणी दिलं नाही, कुणाच्या गळ्यात पडता आलं नाही. एक दिवा लावायचा नाही, एवढंच सुनेला इथून, हजारो मैलांवरून, करता येत होतं. तेरावा होईपर्यंत तिने ते पाळलं. आणि त्या सगळ्या दिवसांत रोज, न चुकता, त्याच अंधाऱ्या देवघराकडे पाठ करून बसून, ती कॉटवरच्या बाबांना सांगत राहिली की आईंचा घसा आज जरा बरा आहे. साऱ्या घराने तोंडाला कुलूप लावलं होतं. सांगून टाकलं ते माझ्याच पाठीमागच्या भिंतीने.

"तेल संपलं होतं, बाबा," ती म्हणाली. "लॉकडाऊन ना. दुकानं..."

"असेल," बाबा म्हणाले.

दुकानं कधीच बंद नव्हती, किराणा रोज येत होता, आणि हे त्यांनाही माहीत होतं, कारण तिने काल काय आणलं ते बाबा दर वेळी विचारायचे. काल काय आणलं... विचारायचे. आणि आणखी एक विचारायचे. नाशिकची काय खबर? कॉल लागला की पहिला प्रश्न तो. हॉस्पिटलात असताना रोज, नाक दाबलेल्या आवाजात, नाशिकची काय खबर. आज त्यांनी विचारलं नाही. काल? काल बेचाळीस सालाच्या आधीचं चाललं होतं, कॉल लागल्या लागल्या सुरू. परवा? ती आठवणींच्या मागे मागे जात राहिली, घरात हरवलेली किल्ली शोधतो तशी, इथे होती, इथे नक्की होती, इथपर्यंत तर होती... सुहासिनीकडे आल्यापासून नाही. कदाचित त्याच्याही आधीपासून नाही. त्यांचं विचारणं थांबलं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ग्रुपवर फक्त बाबांना काय सांगितलं ते लिहायचं ठरलं होतं. बाबांनी काय विचारलं नाही, ते लिहायला कुणाला सांगितलंच नव्हतं. उलट सगळ्यांना हायसं वाटलं असणार, मलाही वाटलं असणार, सुटलो बुवा आज.

म्हणजे त्यांना माहीत आहे.

की नाही? आजारी माणूस, औषधांचा अंमल, आपल्याच श्वासात गुंतलेलं. विसरलंही असेल विचारायचं. दिव्याचं नुसतं दिसलं म्हणून बोलले असतील. त्या रशियन माणसाला निदान कुणाला तरी पत्र धाडता आलं. मी कुणाला विचारू, आणि कसं विचारू? बाबा, तुम्हाला माहीत आहे का, असं विचारलं आणि नसलं माहीत, तर ते विचारणं हेच सांगणं. मग तिला राग आला, विचित्र, लहान मुलासारखा राग — माहीत होतं तर मग आम्हाला का इतके दिवस बाल्कनीत बसवायला लावलं आईंना, भात भरवायला लावला? आणि एकटे होते ते. तो सगळा वॉर्ड, पांढरे कपडे घातलेली, तोंडं न दिसणारी माणसं, आणि त्यात कॉटवर पडून यांनी ते एकट्याने ओळखलं, एकट्याने गिळलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलवर सूनबाईला म्हणाले, लॅपटॉप आहे ना जवळ.

सुहासिनी पुन्हा सरळ बसली होती आणि तिचे डोळे शलाकावर खिळले होते. सांग. आता सांग.

"बाबा," शलाका म्हणाली, "एक बोलायचं होतं तुमच्याशी."

सुहासिनीने पलंगाची कड घट्ट धरली. बाबांचा चेहरा हलला नाही.

"बोल ना. पण आधी हे एवढं घे, नाहीतर डोक्यातून जाईल." त्यांनी डोळे मिटले, वर्गात फळ्याकडे वळण्याआधी मिटत असतील तसे. "त्या गावात ज्यांना माहीत होतं ती माणसं रोज एकमेकांसमोर जेवायला बसत, आणि एकमेकांना विचारत नसत. अधिकाऱ्यांना ती शिस्त वाटली. ती सगळी शिस्त नसावी. थोडी मायाही असावी." डोळे उघडले. "हे शास्त्राच्या पुस्तकात जास्त होतंय का गं?"

तिने ‘मायाही असावी’पर्यंत टाइप केलं.

"जास्त वाटलं तर खोड," बाबा म्हणाले. "आता तूच खोडायचं."

त्यांच्या लिखाणातली ओळ खोडायचा हक्क घरात एकट्या आईंचा होता. प्रकाशकाने एकदा एक परिच्छेद गाळला तर बाबांनी हस्तलिखितच परत आणलं होतं. आई मात्र पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या, पिठाच्या बोटाने कागदावर आडवी रेघ ओढायच्या, आणि बाबा ब्र न काढता ते वाक्य सोडून द्यायचे. आता तूच. शलाकाची बोटं कळांवर होती आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली. तिला वाटलं कॅमेरा बंद करावा. हात पुढेही गेला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात तिला स्वतःचा चेहरा दिसला, तोंड वाकडं झालेलं, नाक लाल, आणि मागे समई; आणि तिने हात मागे घेतला. आई गेल्या. हे वाक्य तिने किती वेळा मनात म्हटलं होतं, दुसऱ्याला कसं सांगायचं म्हणून पाठ करत होती. स्वतःला ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. ती रडली, आवाज करून, बाह्यांनी नाक पुसत, पाडव्यापासूनचं सगळं एकदम, लॅपटॉपसमोर बसून, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत ज्याच्यासमोर रडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

"वहिनी..." सुहासिनी घाबरून म्हणाली, "अगं, काय झालं?"

बाबांनी आपला हात सुहासिनीच्या हातावर ठेवला. शिरा वर आलेला हात. ते स्क्रीनकडेच बघत होते, आणि का रडतेस असं त्यांनी विचारलं नाही.

तिकडे खाली कुठेतरी रुग्णवाहिका गेली, तिचा आवाज आला आणि लांब गेला. इकडे समोरच्या बाईने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं की चष्म्यावर खिडकीचा उजेड, ते तिला या पडद्यावर कळत नव्हतं आणि कळून घ्यावंसंही वाटत नव्हतं. ते आहेत, ती आहे, मधे बोललं न गेलेलं ते आहे, आणि आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाशिकला नाहीत, इथे कुठेतरी आहेत, दोघांच्या मधे, गप्प. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. दुखत होतंच. पण आता त्या दुखण्यात ती एकटी नव्हती, आणि तेही नव्हते, निदान तिला तरी तसं वाटत होतं. हे तिने नुसतं मानून घेतलं असेल तर तेही तिला तपासून बघायचं नव्हतं.

तेवढ्यात वर खुर्ची सरकली. दार उघडलं. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून येणारी, आणि पावलांवरूनच तिला कळलं की रणजित धीर गोळा करून येतोय, की त्याने तिचं रडणं ऐकलं आणि आपल्याशिवायच सांगून झालं असं समजून आता बापासमोर बसायला येतोय. खाली येईल, तिच्या खांद्यावर हात ठेवील, आणि म्हणेल, बाबा, आई... सकाळपासून ती याच पावलांची वाट बघत होती. आता तिला वाटलं त्याने तिथेच थांबावं. सकाळी सांगायची भीती होती, आता कुणी सांगून टाकील याची. ती मागे न वळता कॅमेऱ्याकडे बघत राहिली, डोळे न पुसता, आणि बाबाही मान किंचित तिरकी करून तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या दिशेने बघत होते.